जादूच्या डबीचे ओझे मुलीच्या माथी नको

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या बालपुरवणीत क्रमशः आलेली हरवलेल्या वस्तूंच्या गावाची गोष्ट मी पहिल्या भागापासून वाचत होते. शेवटचा भाग आल्यापासून तिच्यावर पत्रांचा पाऊस पडतो आहे. निम्म्या वाचकांचे डोळे पाणावले. उरलेल्या निम्म्यांचे म्हणणे असे की, असल्या गोष्टी छापूच नका, आई-वडील वेगळे राहतात त्या मुलांना त्या खोटी आशा लावतात. मला दोन्ही बाजूंशी भांडायचे आहे, आणि सगळी नोकरी भांडणे ऐकण्यात गेल्यामुळे ते जरा सविस्तर करणार आहे. जागा पुरली नाही तर खुशाल कात्री लावा, फक्त शाकुंतलाचा भाग तेवढा कापू नका.

आधी गोष्टीबद्दल. ती चांगली आहे, हे विरोधकांनीही मान्य करावे. बाबा दुसऱ्या घरी राहायला जातात तेव्हा त्यांची छत्री दारामागे तशीच राहते, आणि एके रात्री ती छत्रीही नाहीशी होते. नऊ वर्षांची मुलगी तिच्या शोधात निघते आणि रात्रीच्या शेवटच्या रिकाम्या बसमध्ये चढते. कंडक्टर तिकिटाच्या पैशांऐवजी तिच्याकडे एक खरे वाक्य मागतो. (हे मला फार आवडले. पुष्कळशा मोठ्या माणसांना त्या बसने जाता येणार नाही, हे तिथेच ठरले.) त्या गावात छत्र्यांचा डोंगर आहे, आणि राखणदार म्हातारी एकेक छत्री उघडून तिच्यात साठलेला पाऊस ऐकवते. कुठे पत्र्यावर ताडताड वाजणारा, कुठे झाडाखालचा उशिरा ठिबकणारा. बाबांची छत्री मुलगी ओळखते ती त्या पावसातून येणाऱ्या आईच्या हसण्यावरून. दोघे कधीतरी एकाच छत्रीतून अर्धे अर्धे भिजत चालले होते, आणि मुलीने आईला तसे हसताना कधी ऐकलेलेच नव्हते. हे ज्यांनी कुणी लिहिले त्यांना मुलांसाठी कसे लिहायचे ते कळते.

मग शेवटचा भाग. म्हातारी ते हसू एका डबीत भरून देते. मुलगी पहारे चुकवत परतते, आई-बाबा समोरासमोर बसले असताना डबी उघडते, दोघे हसू लागतात, बाबा बॅग घेऊन घरी येतात. आई मुलीला कवटाळून म्हणते, ‘तू होतीस म्हणून हे घर पुन्हा जुळलं.’ माझे भांडण एवढ्या एका वाक्याशी आहे.

मी कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक होते. माझ्या खोलीबाहेर एक लांब बाक असायचा आणि त्यावर मुले बसलेली असायची, बहुतेक वेळा आजी किंवा मामाबरोबर. त्यातला एक मुलगा, असेल सातेक वर्षांचा. दार उघडले की दिसायचा तो गाल फुगवलेला, ओठ घट्ट मिटलेला, चेहरा लालबुंद. आजीला वाटे, खोड्या करतो आहे. एकदा मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. त्याने अगदी व्यवहारी सुरात समजावून सांगितले की, आपण श्वास रोखून धरला की आई-बाबा भांडत नाहीत. घरी करून पाहिले आहे. मनात आकडे मोजायचे. ‘मला चाळीसपर्यंत येतं. पण ते चाळीसच्या पुढेसुद्धा बोलत बसतात.’ मग काय होतं? ‘मग माझा श्वास सुटतो आणि ते सुरू होतात.’

म्हणजे घरातल्या प्रत्येक भांडणाचा हिशेब त्याने स्वतःच्या फुप्फुसांवर मांडून ठेवला होता. आई-वडिलांना हे कळल्यावर वडिलांनी त्याला मांडीवर घेतले आणि म्हणाले, ‘तू मोकळा श्वास घे. आम्ही भांडतो ते तुझ्यामुळे नाही.’ तो म्हणाला, ‘मग कशामुळे?’ दोघेही माझ्याकडे बघू लागले. कशामुळे, हे तोवर मलाही त्यांनी नीट सांगितले नव्हते.

विरोधी पत्रे लिहिणाऱ्यांना माझे सांगणे आहे की, त्या मुलाला कुणी जादूची गोष्ट वाचून दाखवली नव्हती. ती त्याने स्वतः रचली होती. आई-बाबा वेगळे होऊ लागले की बहुतेक मुले अशी काही तरी जादू शोधून काढतात, त्यासाठी बालपुरवणी लागत नाही. एक मुलगी दोन्ही घरी एकेक चप्पल ठेवून अनवाणी ये-जा करी. जोड पुरा करायचा तर दोघांना भेटावेच लागेल, असा तिचा डाव. आणखी एकाला सुनावणीच्या आदल्या रात्री हटकून ताप चढे, आणि तो ढोंग नव्हता, थर्मामीटरमध्ये दिसे. मागे एकदा तो आजारी पडला तेव्हा आई-बाबा दोघेही रात्रभर उशाशी बसले होते, हे त्याच्या शरीराने लक्षात ठेवले होते. मोठ्या मुलांची जादू मार्कांत असते. पहिला नंबर आला तर बाबा परत येतील, असे मानून रात्र रात्र अभ्यास करणारी मुले शाळेत ‘समजूतदार’ म्हणून गाजतात, आणि त्यांची काळजी कुणीच करत नाही.

स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी लहान मुलांच्या विचारपद्धतीचे जे वर्णन केले आहे त्यात हे बसते. साधारण दोन ते सात वर्षांच्या वयात मूल जगाकडे स्वतःला मध्यभागी ठेवून बघते. आपल्या मनात आले म्हणून तसे घडले, हे त्याला पटण्यासारखे कारण असते. चंद्र आपल्याबरोबर चालतो असे वाटणाऱ्या वयात बाबा आपल्यामुळे गेले, असेही वाटते. पहिले गोड, दुसरे भयंकर, पण दोन्हींमागचा विचार एकच. आणि ‘माझ्यामुळे गेले’ याची दुसरी बाजू ‘म्हणजे माझ्यामुळे परतही येतील’ ही असते. ही आशा मूल सहजी सोडत नाही. का सोडील? ती सोडली तर हातात फक्त दोष उरतो.

ज्युडिथ वॉलरस्टाइन आणि जोन केली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७१ पासून कॅलिफोर्नियात विभक्त झालेल्या ६० कुटुंबांतल्या १३१ मुलांचा पाठपुरावा केला आणि १९८० साली त्यावर पुस्तक लिहिले. आई-वडील पुन्हा एकत्र येतील ही कल्पना मुले वर्षानुवर्षे जपून ठेवतात, हे त्यांना दिसले. या अभ्यासावर टीकाही झाली. कुटुंबे थोडी होती, बरीचशी सुस्थितीतली होती, तुलनेला दुसरा गट नव्हता. टीका रास्त आहे. पण मुलांच्या या आशेबद्दल त्यांनी लिहिलेले वाचले तेव्हा मला तो बाहेरचा बाकच वाचल्यासारखे वाटले.

तेव्हा गोष्टी बंद करा म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, गोष्ट बंद केल्याने आशा बंद होत नाही. मूल तिच्याबरोबर एकटे पडते, एवढेच. शिवाय विषय टाळण्याची किंवा घाईने उरकण्याची किंमत काय असते याचे एक चांगले उदाहरण आहे. अमेरिकेतल्या ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या कार्यक्रमाने १९९२ साली स्नफी या केसाळ, हत्तीसारख्या पात्राच्या आई-बाबांच्या घटस्फोटाचा भाग चित्रित केला. प्रक्षेपणापूर्वी तो लहान मुलांना दाखवून पाहिला, तर मुले हादरली. आई-बाबांचे भांडण झाले म्हणजे घटस्फोट होणारच, असा अर्थ काहींनी काढला. तयार झालेला भाग निर्मात्यांनी दाखवलाच नाही. ज्या प्रामाणिकपणाने तो बाजूला ठेवला त्याचे मला कौतुक वाटते. पण विषयाकडे पुन्हा वळायला त्यांना २०१२ साल उजाडले. आणि या वेळी त्यांनी कुणाला निवडले? ॲबी कॅडॅबी या छोट्या परीला, जिच्या हातात जादूची कांडी आहे. ॲबी आपल्या घराचे चित्र काढते आणि त्यात दोन घरे असतात, एक आईबरोबरचे, एक बाबांबरोबरचे. कांडी असूनही ती घरे एक करत नाही, आणि कुणी तिला तसे करायला सांगतही नाही.

आता डोळे पाणावलेल्या वाचकांकडे वळते. आपल्यातल्या एकांनी लिहिले आहे की, विखुरलेल्या कुटुंबाला मुलाने जोडावे ही आपली जुनी परंपरा आहे आणि दाखल्याला त्यांनी कालिदासाचे शाकुंतल नाटक दिले आहे. त्यांनी सातवा अंक पुन्हा उघडावा, अशी माझी विनंती आहे.

मारीच (म्हणजे कश्यप) ऋषींच्या आश्रमात सर्वदमन नावाचा मुलगा, शकुंतलेचा, सिंहिणीचे दूध पिणाऱ्या छाव्याला ओढून काढतो आहे. ‘तोंड उघड, मला तुझे दात मोजायचे आहेत.’ आश्रमातल्या तापसी त्याला आवरता आवरत नाहीत, म्हणून एकजण मातीचा रंगीत मोर आणायला जाते. या झटापटीत त्याच्या मनगटावरची रक्षा, म्हणजे ताईत, गळून खाली पडते आणि समोर उभा असलेला दुष्यंत ती सहज उचलतो. तापसी ‘नका, नका’ म्हणेपर्यंत ती त्याच्या हातात असते. ती अपराजिता नावाची वनस्पती आहे, मारीचांनी मुलाच्या जातकर्माच्या वेळी बांधलेली. आई, वडील आणि तो स्वतः यांच्याशिवाय कुणी ती जमिनीवरून उचलली तर ती साप होऊन डसते. इथे साप झाला नाही. साऱ्या नाटकात मुलाच्या बाजूने घडलेली जादू ती एवढीच!

आणि मुलगा काय करतो? काहीही नाही. दुष्यंत त्याला कवटाळतो, तर तो म्हणतो, सोडा मला, मला आईकडे जायचे आहे. दुष्यंत ‘बाळा’ म्हणतो, तर हा ठणकावतो की माझे वडील दुष्यंत, तुम्ही नव्हे. विरहिणीची एकवेणी घातलेली शकुंतला येते, तेव्हा तक्रार करतो, हा कोण माणूस मला बाळ म्हणून जवळ घेतो आहे? पुढे पुन्हा विचारतो, आई, हा कोण? ती म्हणते, बाळा, तुझ्या नशिबाला विचार. त्या उत्तरातला थकवा मी माझ्या खोलीत अनेक आयांच्या तोंडून ऐकला आहे. पण पाहा, ती मुलाला असे म्हणत नाही की, आता तूच काय ते ठरव. समेट घडतो तो राजा तिच्या पायांवर पडतो तेव्हा, आणि ती त्याला उठवते तेव्हा. नाकारले त्याने, क्षमा मागायचीही त्यानेच. शापाची सगळी हकिगत मारीच ऋषी नंतर सांगतात. कालिदासाने जादूला एकच काम दिले, हे मूल या दोघांचे आहे हे दाखवण्याचे. दोघांपैकी कुणाच्याही हातात ते विषारी होत नाही. मुलाचा ताबा मागायला आलेल्या किती जोडप्यांना मी हा प्रसंग सांगितला असेन! काहींना तो कळला.

त्याच परंपरेत लव-कुशही आहेत, हे पत्रलेखक सोयीने विसरले. दोघा भावांनी वडिलांच्या पुढ्यात संपूर्ण रामायण गाऊन दाखवले. वडिलांनी त्यांना ओळखलेही. तरीही वाल्मीकींची सीता धरणीच्या पोटात गेली. मुलांचे गाणे कमी पडले असे म्हणायची कुणाची छाती आहे? पुढे भवभूतीला हा शेवट सोसवला नाही आणि उत्तररामचरितात त्याने दोघांची भेट घडवली, तीही प्रजेसमोर, अरुंधतीच्या साक्षीने, मोठ्या माणसांकरवी.

मुलांनी आई-वडिलांना जुळवण्याची गोष्ट सिनेमालाही फार मानवते. एरिश केस्टनर यांच्या १९४९ सालच्या जर्मन कादंबरीत ताटातूट झालेल्या जुळ्या बहिणी घरे बदलून आई-वडिलांना एकत्र आणतात, आणि त्या धाटणीचे चित्रपट जगभर निघाले. आमच्या पिढीला ‘दो कलियाँ’ आठवत असेल. दुसरे उदाहरण जास्त बोलके आहे. १९९३ च्या ‘मिसेस डाउटफायर’मध्ये बाप बाईचा वेष घेऊन मुलांजवळ राहतो, पण शेवटी नवरा-बायको वेगळेच राहतात, आणि आई-बाबा विभक्त झालेल्या एका मुलीच्या पत्राला तो उत्तर देतो. तेच कथासूत्र आपल्याकडे १९९७ मध्ये ‘चाची ४२०’ होऊन आले तेव्हा शेवटी जोडपे एकत्र झाले. मीही तो चित्रपट पोट धरून पाहिला आहे. पण सुखान्त म्हटला की संसार जुळलाच पाहिजे, ही आपली सवय किती मुरलेली आहे ते यातून दिसते.

कुणी असे समजू नये की मला समेटाचे वावडे आहे. समेट होतो का हे बघणे हेच माझे काम होते, आणि माझ्या टेबलाशी बसून पुन्हा एकत्र गेलेली जोडपी मी पाहिली आहेत. ती कशी जुळतात ते सांगितले तर कुणी बालपुरवणीत छापणार नाही, इतके ते कंटाळवाणे असते. महिनोन्‌महिने तेच ते बोलायचे. एकमेकांचा फोन तपासायचा नाही. पगार कुठे जातो ते दडवायचे नाही. सासरच्या माणसांपुढे टोमणा मारायचा नाही. मारलाच तर त्याच संध्याकाळी कबूल करायचे. मुलासाठी म्हणून एकत्र आलेली, पण या कामाला न बसलेली जोडपीही पाहिली. ती बहुतेक परत आली, आणि तेव्हा बाकावरचे मूल आधीपेक्षा गप्प असायचे. एकदा जादू चालली होती, मग आता का चालत नाही, याचे उत्तर ते स्वतःतच शोधत असणार.

आई-वडील एका छपराखाली आहेत की दोन, यापेक्षा त्यांची भांडणे मुलासमोर आणि मुलावरून किती काळ चालतात, याने जास्त नुकसान होते. यावर अभ्यासकांचे बऱ्यापैकी एकमत आहे. मला ते वाचण्याआधी बाकाने शिकवले होते. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी येणारा बाप आणि त्या वेळी मुलाला हसून निरोप देणारी आई, एवढ्यावर मुले किती भराभर वजन धरतात ते पाहण्यासारखे असते.

म्हणून लेखकांना एक सुचवते. आगाऊपणा वाटला तर सोडून द्यावे. मुलीला त्या गावी जरूर पाठवा. डबीही देऊ द्या. पण डबीतले हसू आई-बाबांना पाजायचे औषध का करता? ते मुलीचे असू द्या. आपण या दोघांच्या भांडणातून आलो नाही, एका पावसात अर्ध्या भिजलेल्या हसण्यातून आलो, हे कळणे नऊ वर्षांच्या मुलीला फार मोठे धन आहे. तिला वाटेल तेव्हा तिने डबी कानाशी धरावी, या घरी किंवा त्या घरी. आणि दोघांना एकत्र आणायचेच असेल तर आणा, मी अडवणारी कोण! फक्त त्या शेवटच्या बसमध्ये बाबांना चढवा. कंडक्टरला त्यांच्याकडेही एक खरे वाक्य मागू द्या. पुढच्या थांब्यावर आई चढेल, तिलाही मागू द्या. मुलगी मागच्या सीटवर झोपली असेल तरी चालेल.

आईच्या तोंडचे ते वाक्य मात्र काढावे. गोष्टीचे पुस्तक येणार असल्याचे आपण पुरवणीत जाहीर केले आहे, म्हणजे अजून वेळ आहे. बाकी एक अक्षर बदलले नाही तरी माझी तक्रार नाही. छत्र्यांचा डोंगर दोन पानांवर पसरून चितारता आला तर फारच उत्तम. आणि पुरवणीत या गोष्टीवर मुलांची चित्रे मागवणार असाल, तर ‘माझे घर’ या चौकटीत एकाच घराची बाह्यरेषा आधीच छापून देऊ नये. कागद कोरा ठेवा. घरे किती काढायची ते मुले बघून घेतील.

आपली,
एक निवृत्त समुपदेशक